ओव्हाळांची एकच खोटी नोंद

नळदुर्गजवळच्या आमच्या सोयाबीन कंपनीच्या जनरल मॅनेजरनं यशवंत ओव्हाळांना फसवलं. शब्द देऊन फसवलं. दिवसाउजेडी, स्वतःच्या केबिनमध्ये, समोर चहाचा कप ठेवून. हे मी ऐकीव लिहीत नाही. त्या केबिनमधली तिसरी खुर्ची माझी होती.

मॅनेजरचं नाव लिहीत नाही. ज्याला लागायचं त्याला ते नावाशिवायही लागेल. आणि मला आधी ओव्हाळांबद्दल सांगायचंय, कारण कंपनीत आता त्यांची आठवण एवढीच उरलीय की ते जुने मेलवाले, ज्यांच्या काळात सर्व्हर बंद पडायचा. हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा बोलणाऱ्याची कॉलर धरली होती. लोकांनी सोडवलं.

मी साळुंके. कंपनीच्या वजनकाट्यावर पावत्या फाडायला लागलो आणि चौदा वर्षांनी खरेदी विभागाचा प्रमुख झालो. शिक्षण बारावी, तेही दुसऱ्या खेपेला. समोरच्या माणसाच्या तोंडून भाव खाली कसा आणायचा, ही एकच विद्या मला येते, आणि राग लवकर येतो. माझी ओळख एवढी पुरे.

ओव्हाळ मूळचे तेरचे. कंपनीत ते टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागले होते. पुढं ज्याच्या त्याच्या हातात मोबाइल आला, फोनचा बोर्ड भंगारात गेला आणि ओव्हाळांना जिन्याखालची खोली देऊन 'तुम्ही कॉम्प्युटरचं बघा' असं सांगण्यात आलं. त्या खोलीत कंपनीचा मेल सर्व्हर होता. कुणी काही शिकवलं नाही. त्यांनी ते स्वतः शिकून घेतलं, पुस्तकं मागवून, चुकत-माकत. सर्व्हर म्हणजे दिसायला एक काळी पेटी. पण ऑफिसातल्या, अणदूरच्या खरेदी केंद्रातल्या, सोलापूरच्या गोदामातल्या सगळ्यांचं टपाल त्या पेटीत यायचं, आणि ते उघडायचं तर ब्राउझरमधून वेबमेलचं पान उघडून नाव आणि पासवर्ड टाकावा लागायचा. निम्म्या वेळा ते पान आत घ्यायचं नाही. मग लोक जिन्याकडं तोंड करून हाक मारायचे.

माझी त्यांची पहिली गाठ अशीच पडली. खरेदी विभागात नवा होतो. सकाळी मेल उघडायला गेलो तर पासवर्ड चुकीचा. पुन्हा टाकला, चुकीचा. चौथ्यांदा मी कीबोर्ड उचलून टेबलावर आपटला. बटणं उडाली, फरशीवर विखुरली. ओव्हाळ आले तेव्हा मी उभा होतो आणि सगळा विभाग खाली मान घालून बसला होता.

पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला एकच पेन, पायात आवाज न करणाऱ्या चपला. त्यांनी माझ्याकडं पाहिलंच नाही. खाली बसले आणि एकेक बटण वेचून जागच्या जागी बसवत राहिले. मग म्हणाले, "समदे गावले. एन न्हाय गावला. एनवाचून चालंल का तुमचं?"

कुणीतरी हसलं. मी त्याच्याकडं डोळे वटारून पाहिलं.

"आता काय लिहून येतंय ते वाचून दाखवा," ओव्हाळ म्हणाले.

"पासवर्ड चुकला म्हणतंय. मला येतो माझा पासवर्ड."

"तसं न्हाय. जे लिहिलंय ते, जसंच्या तसं."

मी शाळेतल्यासारखं अक्षर अक्षर वाचलं. मग त्यांनी दुसऱ्या एका कोऱ्या पानावर मला फक्त माझं नाव लिहायला लावलं. मी इंग्रजी बटणं दाबत होतो आणि पडद्यावर मराठीत भलतंच काहीतरी उमटत होतं. सकाळी मी शेतकऱ्यांसाठी मराठीत सूचना टाइप केली होती, कीबोर्ड तसाच मराठीत राहिला होता. पासवर्डच्या जागी सगळ्यांचे ठिपकेच दिसतात, त्यामुळं कळायला मार्ग नव्हता.

"पासवर्ड बरोबर हाय तुमचा," ते म्हणाले. "तुमी मराठीत माराय लागलाव." एक बटण दाबून त्यांनी कीबोर्ड इंग्रजीत आणला आणि माझ्याकडं पाठ करून भिंतीकडं तोंड करून उभे राहिले.

मला वाटलं रुसले. तसं नव्हतं. दुसरा माणूस पासवर्ड टाकत असताना ओव्हाळ नेहमी भिंतीकडं तोंड करायचे. मालक असो, झाडूवाल्या बाई असोत. त्यांच्या हातात अख्ख्या कंपनीचा सर्व्हर होता, मनात आणलं असतं तर कुणाचंही टपाल वाचता आलं असतं. तरी ते भिंतीकडं तोंड करून उभे राहायचे आणि झालं का विचारायचे. पुढं पुढं डोळे मिटले तरी मला तो दिसायला लागला, पांढऱ्या शर्टाचा पाठमोरा चौकोन.

एनचं बटण सापडलं नाही. त्या जागी रबराचा एक बारका खुंट होता. मी तोच दाबत राहिलो, नवा कीबोर्ड मागवला नाही.

त्यांच्या खोलीत एक लांबट रजिस्टर होतं, हिरव्या पुठ्ठ्याचं. कुणाचं लॉगिन अडलं की तारीख, वेळ, माणसाचं नाव, पडद्यावर काय लिहून आलं, खरं कारण काय निघालं आणि शेवटी सही. कारणाच्या रकान्यात ते कुणाला सांभाळून घेत नसत. 'श्री. साळुंके यांचा कीबोर्ड मराठीत होता' असं माझंही लिहिलं होतं, खाली 'एन बटण गहाळ' अशी पुरवणी. मी भांडायला गेलो. म्हणालो, एवढं सगळं कशाला लिहिता, नीट झालं की विषय संपला. ते म्हणाले की दुसऱ्या खेपेला दुसऱ्या कुणाचं असंच अडतं, तेव्हा हे कामाला येतं. आणि एक जरी खोटं कारण लिहिलं तर अख्खं रजिस्टर रद्दी होतं, कारण मग खरं कुठलं हे कसं कळायचं.

मशीन स्वतःही एक नोंद ठेवते. कोण कधी आत आलं, कोण दारातून परत गेलं. तिला लॉग म्हणतात. ओव्हाळ तो खालून वर वाचायचे. एकदा मला समजावून सांगितलं. तेरला जुन्या वस्तीचं खोदकाम झालं तेव्हा त्यांचे वडील तिथं मजूर होते. वडील सांगायचे की वरची माती आपली, खालची आजा-पणज्याची, आणि खापर कुठल्या थरात सापडलं हे ठाऊक नसेल तर त्या खापराला काही किंमत नाही. "लॉग बी तसाच हाय," ओव्हाळ म्हणाले. "कुणाच्या आधी कोण, हे धरून बसायचं. मग कुणाला इचारायची गरज न्हाय."

ते आठवडाभर नळदुर्गात एका खोलीत राहायचे आणि शनिवारी एसटीनं धाराशिव, तिथून तेर. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा हैदराबादेकडं नोकरीला, फोन करायचा. दुपारी कॅन्टीनमध्ये आम्ही आठ-दहा जण एका टेबलावर डबे उघडायचो. ओव्हाळ कधी आले नाहीत. जिन्याखालच्या खोलीत दार लोटून ज्वारीची भाकरी खायचे. पंख्याच्या आवाजात जेवायची सवय आहे म्हणायचे. ते तिथं का जेवतात, ही सवय त्यांना कुणी आणि कधी लावली, हे मी अठरा वर्षांत विचारलं नाही. या टेबलावर या, असंही म्हटलं नाही. मी कुणाच्याही घरी जाऊन भाव खाली-वर करून येणारा माणूस, पण त्या लोटलेल्या दारावर टकटक करायला मला जमलं नाही.

एका पावसाळ्यात वीज गेली-आली, गेली-आली, आणि नंतर सगळ्यांची एकच तक्रार सुरू झाली. पासवर्ड चालतो, मेल उघडतो, आणि पुढच्या क्षणाला पान पुन्हा दारात आणून सोडतं. व्हायरस आहे, असं ऑफिसनं ठरवून टाकलं. सोलापूरचा एक विक्रेता नवी मशीन विकायला येऊन बसला. मी बाह्या सरसावून त्याचा भाव पाडत होतो आणि मजा येत होती. तेवढ्यात ओव्हाळ आले आणि विक्रेत्याला विचारलं, "आज तारीख काय?"

त्यानं सांगितली.

"मशीनला इचारलं तर ती कैक वर्षं मागली सांगाय लागलीय. तिच्या हिशोबानं आपण अजून यायचोत. म्हणून आत घेती आन् लगेच भाईर काढती."

ते नळदुर्गच्या स्टँडजवळ घड्याळवाल्याकडं गेले, बटणाएवढा एक गोल सेल आणला, पेटी उघडून बसवला, तारीख लावली. सगळ्यांची मेल उघडली. विक्रेता बॅग उचलून गेला. मी ओव्हाळांवरच चिडलो, कारण माझा चांगला रंगात आलेला सौदा त्यांनी मोडला होता. ते हसले. त्यांचं हसणं म्हणजे चष्मा काढून पुसणं.

आता अणदूरचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

खरेदी विभागाचा मेलचा पत्ता एकच होता आणि तो दोन ठिकाणी वापरायचा: नळदुर्गात मी आणि अणदूरच्या केंद्रात माळी नावाचे केंद्रप्रमुख. पासवर्ड एक, माणसं दोन. माळींना शंका आली की ते पासवर्ड बदलायचे आणि मला सांगायचं विसरायचे. मी अडकलो की फोनवर त्यांच्या सात पिढ्या काढायचो, ओव्हाळांकडून नवा पासवर्ड करून घ्यायचो आणि मुद्दाम माळींना सांगायचो नाही. असं वर्षभर चाललं. त्या काळात रजिस्टरची निम्मी पानं आम्हा दोघांच्या नावानं भरली.

एक दिवस ओव्हाळांनी आम्हाला दोघांनाही खोलीत बोलावलं. माळी अणदूरचे, खंडोबाचे पक्के भक्त. ओव्हाळांनी त्यांनाच विचारलं, "माळीसाहेब, तुमचा खंडोबा दोन गावात राहतो न्हवं?"

व्हय, माळी म्हणाले. मूर्ती एकच. वर्षातले काही दिवस नळदुर्गला, बाकी अणदूरला.

"आन् नेताना काय करतेत?"

"कागद करतेत. दोन्हीकडचे मानकरी बसतेत, करार लिहितेत, सह्या होतेत. मग देव उठतो."

"देव न्यायचा तर कागद लागतो," ओव्हाळ म्हणाले, "आन् तुमी दोघं पासवर्ड बिनकागदाचा पळवताव."

माळी आधी कसनुसे झाले, मग खो खो हसले. त्या दिवशी आम्ही तिघांनी कागद केला. सामाईक पत्त्याचा पासवर्ड महिन्याच्या पहिल्या तारखेला बदलायचा. बदलणाऱ्यानं दुसऱ्याला त्याच दिवशी समक्ष सांगायचा. आणि सामाईक पत्ता कुणीही स्वतःच्या फोनमध्ये टाकून ठेवायचा नाही. हे शेवटचं कलम ओव्हाळांनी आग्रहानं घातलं. फोनमध्ये जुना पासवर्ड राहिला तर फोन दर पाच मिनिटांनी तोच टाकत बसतो, आणि ठरावीक चुका झाल्या की सर्व्हर ते खातं सगळ्यांसाठीच कुलूपबंद करतो. कुणी चोर किल्ल्या लावून बघतोय, असंच त्याला वाटतं. पुढं कंपनीतल्या सगळ्या सामाईक पत्त्यांना हाच कागद लागू झाला. विक्री विभागाच्या पत्त्याच्या कागदावर खुद्द जनरल मॅनेजरची सही होती. ती सही मी पाहिली आहे. लांब शेपटीची आहे.

हे होऊन दोन वर्षं झाली. मग तो दिवस आला. महिन्याची दोन तारीख. विक्रीच्या पत्त्याचा पासवर्ड आदल्या दिवशी संध्याकाळी रीतसर बदललेला. ओव्हाळ मंजूर रजेवर तेरला, बायकोच्या स्मृतिदिनाचा, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. हैदराबादच्या एका मोठ्या गिऱ्हाइकाला आमच्याकडून अख्ख्या हंगामाची पेंड हवी होती. त्यांचा शेवटचा मेल सकाळी यायचा होता आणि अकराच्या आत आमचा लेखी होकार जायचा होता. नऊ वाजता विक्रीच्या जोशीबाईंनी मेल उघडला तर लॉगिन होईना. पासवर्ड नवा, बरोबर, कीबोर्ड इंग्रजीत.

त्यांनी तेरला फोन लावला. ओव्हाळांनी वाचून दाखवा म्हटलं. बाईंनी वाचलं. ते लगेच म्हणाले की खात्याला कुलूप पडलंय, कुणाच्या तरी फोनमध्ये विक्रीचा जुना पासवर्ड राहिलाय. तो फोन बंद केला की कुलूप आपोआप उघडेल. बाईंनी फोन स्पीकरवर टाकला आणि ऑफिसभर विचारत फिरल्या. मी माझा फोन काढून दाखवला. मॅनेजर केबिनच्या दारात उभे होते. बाईंनी त्यांनाही विचारलं. ते म्हणाले, "माझ्याकडं कशाला असेल? कागदावर सही आहे माझी."

तेवढ्यावर सगळे थांबले. सर्व्हरची किल्ली एकट्या ओव्हाळांकडं होती. जोडीला एक माणूस द्या, असे तीन अर्ज त्यांनी दिले होते. तिन्ही माझ्या टेबलावरून गेले होते आणि तिन्हींवर मी 'तूर्त गरज नाही' असं लिहिलं होतं. एनच्या खुंटावर बोट दाबून टाइप केलं होतं.

ओव्हाळ कार्यक्रम अर्धा टाकून निघाले. पोचायला साडेअकरा झाले. खोलीत गेले, लॉग खालून वर वाचला आणि पंधरा मिनिटांत खातं उघडून दिलं. आतमध्ये हैदराबादचे दोन मेल होते. दुसऱ्यात लिहिलं होतं की तुमचं उत्तर नाही, आम्ही दुसरीकडं बोलतो.

मग ओव्हाळ हिरवं रजिस्टर काखेत घेऊन मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले आणि मॅनेजरनं मला बोलावून घेतलं.

तो फोन मॅनेजरच्याच बंगल्यावरचा होता. लॉगमध्ये बंगल्याच्या इंटरनेटचा पत्ता दिसला तसा ओव्हाळांनी तिथं विचारून तो बंद करायला लावला होता. मॅनेजरनं मागल्याच महिन्यात नियम मोडून विक्रीचा पत्ता त्यात टाकला होता, मग नवा फोन घेतला आणि जुना घरात भजनं ऐकायला दिला. तो स्वयंपाकघरात फळीवर बसून दर पाच मिनिटांनी जुना पासवर्ड टाकत होता. ओव्हाळांनी हे आवाज न चढवता सांगितलं, रजिस्टर उघडलं, आणि कारणाच्या रकान्यावर पेन टेकवून थांबले. "नोंद करायची हाय साहेब. तुमास्नी आधी सांगावं म्हणलं."

चहा आला. मॅनेजरनं स्वतः उठून कप त्यांच्यापुढं ठेवला. म्हणाले की मालक उद्या पुण्याहून येणार, हे रजिस्टर मागणार. तांत्रिक बिघाड असं लिहा.

"बिघाड झालेलाच न्हाय साहेब. सर्व्हरनं त्याचं काम केलंय."

मॅनेजरनं माझ्याकडं पाहिलं. मी ओळखलं की आता सौदा आहे, आणि सौदा दिसला की माझं डोकं आपोआप चालायला लागतं. मी मध्ये पडलो. मॅनेजरला म्हणालो, ओव्हाळांची तीन वर्षं राहिलीत, तुम्ही त्यांना काय देता? ते म्हणाले, "रिटायर होईपर्यंत ओव्हाळांना आणि त्यांच्या सर्व्हरला कुणी हात लावणार नाही. माझा शब्द."

मला तो सौदा चांगला वाटला. दोन शब्द लिहायचे आणि तीन वर्षं पदरात. ओव्हाळांना त्या जिन्याखालच्या खोलीशिवाय दुसरं जग नव्हतं, हे मला ठाऊक होतं. म्हणूनच मला वाटलं की मी त्यांचं भलं करतोय.

ओव्हाळांनी पेन रकान्यावरून उचललं. मग मॅनेजरकडं न बघता माझ्याकडं बघून म्हणाले, "कागद?"

आयुष्यभर मी कुणाच्या तोंडी शब्दावर पोतं उचललं नाही. सख्ख्या मेहुण्याकडून लिहून घेतलंय. आणि त्या दिवशी मी म्हणालो, "साहेबांच्या शब्दाला कागद कशाला, ओव्हाळ? लिहा."

त्यांनी लिहिलं. 'तांत्रिक बिघाड.' सही केली. चहा तसाच ठेवून गेले.

महिना झाला नाही तोच मालकांकडून हुकूम आला. मेलचं काम बाहेरच्या कंपनीला द्यायचं, सर्व्हर बंद करायचा. बाहेरच्या कंपनीशी घासाघीस करायला मलाच बसवलं. फाइल उघडली तर पहिल्याच पानाला हिरव्या रजिस्टरच्या त्या पानाची झेरॉक्स जोडलेली. खाली मॅनेजरची शिफारस, की सर्व्हर बिघडतो असं संबंधितानं स्वतःच लिहून दिलंय, त्यामुळं संबंधिताच्या सेवेचीही गरज उरत नाही. शेजारी लांब शेपटीची सही.

मी केबिनचं दार लाथेनं उघडलं. जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. मॅनेजर बसून ऐकत राहिले. माझा दम संपल्यावर म्हणाले, "नोंद त्यांच्या अक्षरात आहे, साळुंके. तुम्ही काय दाखवणार?"

माझ्याकडं दाखवायला काहीच नव्हतं. मी मालकांकडं तोंडी जाऊ शकत होतो. गेलो नाही. खाली आलो आणि करारावर सही केली. हे मी कुणाला आजवर सांगितलं नव्हतं.

ओव्हाळांनी मला एकदाही विचारलं नाही. शेवटच्या आठवड्यात ते टेबलाटेबलाशी जाऊन प्रत्येकाला नवी मेल लावून देत होते. नवं पान, नवा पासवर्ड. प्रत्येक टेबलापाशी भिंतीकडं तोंड करून उभे राहत होते आणि झालं का विचारत होते. माझ्या टेबलाशी आले तेव्हाही तसेच उभे राहिले. मी पासवर्ड टाकायचा सोडून त्यांच्या पाठीकडं बघत बसलो.

"झालं का?"

"ओव्हाळसाहेब, मला तोंड नाही."

"पासवर्ड टाका साळुंकेसाहेब," ते भिंतीशीच बोलल्यासारखे म्हणाले. "अजून बारा टेबलं हायत."

ते गेल्यावर सोमवारी माझ्या टेबलावर एक लिफाफा होता. आत एनचं बटण. जुन्या वायरी काढताना कपाटामागं सापडलं असणार. धूळ पुसलेली होती. सोबत चिठ्ठी नव्हती.

ती नोकरी मी पुढं सोडली. ओव्हाळांसाठी सोडली असं लिहिलं तर शोभून दिसेल; पण मी सोडली ती बढती नाकारली म्हणून. आता माझा स्वतःचा बारदान्याचा, रिकाम्या पोत्यांचा धंदा आहे. त्याच कामानं गेल्या उन्हाळ्यात तेरला गेलो होतो. काम सकाळी आठलाच उरकलं. नदीच्या अंगाला त्यांचं घर विचारत विचारत गेलो.

दोन खोल्या, पुढं पत्र्याची सावली, शेणानं सारवलेलं अंगण. ओव्हाळ खुर्चीत बसले होते, तोच पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला पेन. मला बघून उठले, पाणी दिलं, पाऊसपाण्याचं विचारलं. कंपनीतल्या कुणाचं नाव काढलं नाही. माळी वारले हे मी सांगितलं तेव्हा चष्मा काढून पुसला, आणि या वेळी ते हसणं नव्हतं. घरात दुसऱ्या माणसाची चाहूल नव्हती. चुलीपाशी एकच ताट उपडं घातलेलं होतं.

नऊ वाजले तसे त्यांनी सवयीनं फोन काढला आणि बोट चालवायला लागले. मी विचारलं, काय करताय? थोडे ओशाळले. म्हणाले, रोज नऊ वाजता कंपनीच्या मेलचं पान उघडतो, आपलं जुनं नाव टाकतो. ड्युटीची वेळ झाली की हात जातो.

"मग काय लिहून येतं?"

त्यांनी फोन माझ्याकडं केला. मी तो घेतला नाही. म्हणालो, "तुम्हीच वाचून दाखवा."

त्यांनी चष्मा नीट केला आणि जसंच्या तसं वाचलं. "हे खातं अस्तित्वात नाही." मग जिन्याखालच्या खोलीतल्या आवाजात म्हणाले, "नीट लिहिलीय ही एरर. पासवर्ड चुकला म्हणत न्हाय. गोंधळ ठिवला न्हाय काई."

मी म्हणालो, त्या नोंदीचं मी मालकांना आता तरी सांगतो. ते नको म्हणाले. म्हणाले की मॅनेजरनं फसवलं त्याचं एवढं वाटत नाही. "म्या अठरा वर्सं खरं लिहिलं. आता कुणी ते रजिस्टर उघडलं तर त्यातलं कुठलं पान खरं, कसं कळणार?"

निघालो. गाडी वळवताना आरशात पाहिलं. ते पत्र्याच्या सावलीबाहेर अंगणात आले होते. उन्हात फोनचा पडदा दिसेना म्हणून त्यावर हाताची ओंजळ धरून पुन्हा काहीतरी वाचत होते. माझ्याकडं पाठ होती. मी हॉर्न वाजवला नाही.

तर मॅनेजरसाहेब, तुम्ही अजून त्याच केबिनमध्ये बसता. ते हिरवं रजिस्टर अजून रेकॉर्ड रूममध्ये आहे, मी खात्री करून घेतलीय. त्या दोन तारखेच्या पानावर 'तांत्रिक बिघाड' हे शब्द ओव्हाळांच्या अक्षरात आहेत. ते शब्द कुणाचे होते, फोन कुणाचा होता आणि शब्द कुणी दिला होता, हे त्याच पानावर, त्याच रकान्याखाली, तुमच्या अक्षरात लिहा. खाली तुमची ती लांब शेपटीची सही करा. साक्षीदाराच्या जागेवर सही करायला मी येतो, कुठल्या दिवशी येऊ ते सांगा. आणि या वेळी तोंडी सांगू नका. लिहून कळवा.